वाचकांचे प्रश्न : बॉडी एका सालची, बोल्ट दुसऱ्या सालचा

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या कार्बाइनविषयी टिपण होतं. त्यावर विदर्भातून, आणि तेही बहुतेक खेड्यापाड्यांतून, बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. दोन-तीन पत्रांत एकच शंका असेल तिथे ती एकत्र केली आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या माजी सैनिक भवनात काचेच्या पेटीत एक आखूड .३०३ रायफल ठेवलेली आहे. नळी कायमची बंद केलेली आहे आणि कागदपत्रं संस्थेकडे आहेत. पाटीवर ‘जंगल कार्बाइन, १९४४’ असं लिहिलंय. एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणतात, ही साधी रायफल कापून केलेली आहे. खरं-खोटं कसं ठरवायचं?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर : सुभेदार साहेबांची शंका रास्त आहे. ‘जंगल कार्बाइन’ हे लोकांनी दिलेलं नाव. लष्करी कागदांत ती ‘रायफल नंबर ५ मार्क १’. ती फक्त इंग्लंडात आणि दोनच कारखान्यांत बनली : फाझाकर्लीची सरकारी रॉयल ऑर्डनन्स फॅक्टरी आणि बी.एस.ए. कंपनीचा शर्ली इथला कारखाना. उत्पादन १९४४ ते १९४७ चाललं. ब्रह्मदेशाच्या आणि आग्नेय आशियाच्या जंगलात ब्रिटिश सैन्याची नेहमीची लांब नंबर ४ रायफल अडचणीची व्हायची, म्हणून हलकी आणि आखूड आवृत्ती काढली. युद्धानंतर अमेरिकेत शिकाऱ्यांसाठी जुन्या नंबर ४ आणि तिच्या आधीच्या नंबर १ रायफली कापून, पुढे शंकूसारखा, गोळी सुटतानाचा भडका लपवणारा फ्लॅश हायडर बसवून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या गेल्या. गोल्डन स्टेट आर्म्स या कंपनीने तर ‘सान्ता फे’ नावाने असा माल बाजारात आणला. त्यामुळे आखूड नळी आणि पुढचा शंकू एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

पेटी उघडायच्या आधी बाहेरून मोजमाप घ्या. अस्सल नंबर ५ ची एकूण लांबी साडेएकोणचाळीस इंच, म्हणजे जवळजवळ १०० सेंटिमीटर. नळी पावणेएकोणीस इंच, ४७.६ सेंटिमीटर. वजन सव्वातीन किलोच्या आसपास. नंबर ४ ची नळी २५.२ इंच आणि वजन चार किलोच्या वर असतं. कापलेली रायफल लांबीने बरोबर येते, पण वजनात अडकते. खऱ्या नंबर ५ मध्ये कारखान्यातच जागोजागी लोखंड कोरून काढलेलं असतं. नुसती नळी कापणाऱ्याने ती मेहनत घेतलेली नसते.

हे कोरीव खड्डेच खरा पुरावा. पहिली जागा बोल्टच्या (काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याच्या) हँडलचा गोळा. नंबर ५ वर तो आतून पोकळ असतो, टोकाला भोक दिसतं. दुसरी जागा बॉडीची बाजू. आपल्याकडे पोलीस आणि एन.सी.सी. मध्ये रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या लोखंडी भागाला, बॉडीच म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. तिच्यावर खोलगट कापलेल्या जागा दिसतात. तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची : नळीचा मागचा जाड भाग, जिथे ती बॉडीत शिरते. हॅन्डगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकूड, काढला की तिथे दोन बाजूंनी लांबट खोल कापलेलं दिसतं. कापून बनवलेल्या रायफलीत तो भाग सरळ, भरीव, नंबर ४ सारखाच राहतो. बाकी सगळं नकली बसवता येतं, पण नळीच्या मुळाशी हे काम कुणी सहसा करत नाही. हॅन्डगार्ड मात्र परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच काढून घ्या. ऐंशी वर्षांचं कोरडं लाकूड, आणि आत स्प्रिंगची पकड. जोर लावला तर लाकूड चिरतं.

मग फ्लॅश हायडर बघा. मूळ भाग नळीवर दोन पिनांनी आडवा पक्का केलेला असतो. फोर साइट (नेम धरायची पुढची खूण) आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कान, खालची बायोनेट अडकवायची खीळ, सगळं त्याच एका तुकड्यात येतं. बाजूला छोटा स्क्रू दिसला, किंवा गुंडाळलेल्या पत्र्यासारखी पोकळ पिन दिसली, की समजा भाग नंतरचा आहे.

बॅक साइटवर (नेम धरायच्या मागच्या पट्टीवर) शेवटचा आकडा ८०० यार्डांचा हवा. नंबर ४ वर तो १३०० असतो. इथे एक खबरदारी : १३०० ची साइट दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका. पलटणीत साइट तुटली की आर्मररने, म्हणजे पलटणीच्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने, हाताशी होती ती बसवली असेल. साइट हा बदलता येणारा भाग. नळीचं मूळ आणि बॉडी हे पाया. आधी पाया तपासा.

आता साल. बॉडीच्या मागे, जिथे कुंदा बसतो त्या लोखंडी पट्ट्यावर, डाव्या बाजूला महिना आणि साल तिरक्या रेघेने लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ८/४५. जवळच अक्षरांसह नंबर असतो. बी.एस.ए. च्या मालावर एम४७सी हा सांकेतिक क्रमांक. फाझाकर्लीच्या मालावर बॉडीच्या डाव्या भिंतीवर इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेलं ‘नंबर ५ मार्क १’ आणि आर.ओ.एफ., पुढे कंसात एफ. हे कोरीव अक्षर ठोकलेल्या शिक्क्यासारखं खोल नसतं, नखाला जेमतेम लागतं. वरून काळा रंग बसला की दिसेनासं होतं. रंग खरवडू नका. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा आणि बाजूने फिरवा, अक्षरं सावलीने वर येतात. तरी वाचता आली नाहीत तर खडूची बारीक पूड बोटाने चोळा आणि मऊ कापडाने वरची झटका.

साल ४३ निघालं तर बॉडी नंबर ४ ची आहे, वाद संपला. डाव्या बाजूला ‘यू.एस. प्रॉपर्टी’ किंवा चौकोनी एस असेल तर ती अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने बनवलेली नंबर ४. कॅनडाच्या लाँग ब्रँच कारखान्याचा शिक्का असेल तरीही नंबर ४. या दोन्ही ठिकाणी नंबर ५ बनलीच नाही. साल ३/४७ असं काही निघालं तर रायफल अस्सल असू शकते, पण ती युद्धकाळातली नाही. मग पाटी तेवढी बदला. ‘१९४४’ हे साल आपल्याकडे पाट्यांवर फार सहज लिहिलं जातं.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या नावावरून रीतसर परवान्याने आलेली जुनी लष्करी रायफल आहे. बॉडीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर वेगळे आहेत. बोल्टहेडवर तर नुसताच ‘२’ आहे. दुकानदार म्हणतो, जुळणी नसल्यामुळे किंमत नाही, बोल्टवरचा नंबर घासून नवा ठोकून देतो. करावं का?
— मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : अजिबात नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह खोडणं, बदलणं, बनावट घालणं हा गुन्हा आहे. परवान्यात बॉडीचा जो नंबर आहे तो तसाच राहू द्या, आणि बोल्टलाही हात लावू नका.

बोल्टहेडवरचा ‘२’ हा नंबरच नाही, ते माप आहे. नंबर ४ आणि नंबर ५ मध्ये बोल्टहेड वेगळं निघतं आणि ० ते ३ अशा चार मापांत मिळायचं. आकडा जितका मोठा तितकं हेड लांब. रायफल झिजली, काडतुसामागे जागा वाढली, की आर्मरर मोठ्या आकड्याचं हेड बसवायचा. म्हणजे ‘२’ आणि ‘३’ दिसणं हे नोकरी केल्याचं लक्षण आहे. चोरी किंवा बनावटीशी त्याचा संबंध नाही.

बोल्टचा खरा नंबर हँडलच्या मुळाशी, मागच्या सपाट बाजूला ठोकलेला असतो. तिथे जुना नंबर आडव्या रेघेने कापून शेजारी नवा ठोकलेला दिसला तर ते बहुधा सरकारी दुरुस्तीचं काम. जुना नंबर वाचता येतो तसाच ठेवून नवा घालायची ती पद्धत होती. भारतात इशापूरच्या कारखान्यात दुरुस्त झालेल्या रायफलींवर ‘एफ.आर.’ आणि सालाचे दोन आकडे मिळतात. एफ.आर. म्हणजे फॅक्टरी रिपेअर. इंग्लंडातल्या मोठ्या दुरुस्तीनंतर ‘एफ.टी.आर.’ असं येतं. हे शिक्के दिसले की त्या तारखेला रायफल पूर्ण उघडली गेली आणि भाग बदलले गेले असं धरून चाला. त्यात कमीपणा नाही. त्या रायफलीचा तो खरा इतिहास आहे.

आणि बनावट शिक्का ओळखायचा तर दहापट भिंगाखाली आकड्याचा तळ बघा. जुन्या शिक्क्याच्या तळातला रंग आजूबाजूच्या लोखंडासारखाच काळपट असतो, कडा हाताळून गोल झालेल्या असतात. नव्या शिक्क्याचा तळ चकाकतो, किंवा काळ्या रसायनाने एकसारखा गडद केलेला असतो, आणि कडेला उठलेलं लोखंड बोटाला टोचतं. आकडे एका ओळीत नसणं हा मात्र पुरावा नव्हे. जुने आकडेही हातानेच ठोकलेले, ते वाकडे असतातच.

.३०३ ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. तुमच्या परवान्यात बोअर काय लिहिलं आहे ते एकदा वाचून बघा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत नोंद आणि प्रत्यक्ष हत्यार जुळतं की नाही, हे नंबर जुळण्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

प्रश्न : बंदुकीच्या कुंद्याले आमच्या घाणीचं जवसाचं तेल लावलं त चालते का? मोठा भाऊ म्हणते वार्निशच मारून टाक, चकाचक दिसन.
— पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : चालते, आणि तेच बरोबर आहे! ब्रिटिश सैन्यात या रायफलींच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेलच लावत असत. आपल्या भागात जे पीक पिढ्यान्‌पिढ्या निघतं त्याचंच तेल या लाकडाला मूळचं लागतं. वार्निश मारू नका. त्याचा थर वरच बसतो, मेच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं की तडे जातात, आणि पुढे ते काढताना लाकडावरचे शिक्के घासले जातात.

घाणीच्या तेलात गाळ असतो. बाटली आठवडाभर न हलवता ठेवा आणि वरचं निवळलेलं तेल घ्या. लाकडावरची धूळ झटकून, टर्पेंटाइनचा अगदी थोडा हात दिलेल्या कापडाने मळ पुसा आणि दिवसभर वाळू द्या. मग तळहातावर चार-पाच थेंब घेऊन जोराने चोळा. हाताच्या उबेने तेल आत जातं. पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या कापडाने पुसून काढा. पुसायचं राहिलं की चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ धरते. दुसरा हात आठवड्याने. तीन हात पुरे, पुढे वर्षातून एकदा. खोबरेल किंवा मोहरीचं तेल वापरू नका, ते नीट वाळत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना त्यातून उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हाळ्यात, गवताच्या गंजीजवळ, तर नकोच. कापड पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

सॅण्डपेपर मुळीच नको. लाकडाचं वय सांगणारी गोष्ट म्हणजे त्यावरचे बारीक शिक्के. इंग्लंडात युद्धकाळी कारखान्यांना सांकेतिक क्रमांक दिले होते. एन म्हणजे उत्तर, एम म्हणजे मध्य, एस म्हणजे दक्षिण विभाग, पुढे आकडा. कुंद्याच्या किंवा पुढच्या लाकडाच्या आतल्या बाजूला असा क्रमांक असेल तर ते लाकूड युद्धकाळातलं समजायला चांगला आधार मिळतो. एका सॅण्डपेपरने तो आधार कायमचा जातो. नंबर ५ च्या कुंद्याला मागे रबरी गादी असते. ती आता दगडासारखी कडक झालेली असणारच. तिला तेल किंवा पेट्रोल लावून मऊ करायला जाऊ नका, चुरा होतो.

पावसाळ्यात चामड्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दोन्हींत लोखंडाला गंज धरतो. कुंदा जमिनीवर टेकवून उभी ठेवू नका, आपल्या काळ्या मातीच्या घरात उधळी खालून लागते आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्रश्न : एका संस्थेच्या संग्रहातली रायफल माझ्या पाहण्यात आली. साइटवर ८०० आहे, म्हणून ती जंगल कार्बाइनच ना? बॉडीवर आर.एफ.आय. आणि १९६६ असं आहे.
— साकोली, जि. भंडारा

उत्तर : नाही. आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. १९६६ ची म्हणजे ती ७.६२ मिलिमीटरची भारतीय २ए१ रायफल असणार. दिसायला जुनी .३०३ च वाटते, पण तिचं मॅगझिन खालून जास्त चौकोनी असतं आणि त्यात १२ राऊंड बसतात. तिच्या साइटवरचे ८०० हे मीटर आहेत आणि ती साइट नळीवर, पुढे असते. नंबर ५ चे ८०० यार्ड आहेत आणि साइट बॉडीच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ, भोकातून बघायची.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत ओहायोत असतो. त्याने तिथल्या कायद्याप्रमाणे एक ‘एम वन कार्बाइन’ घेतली. विकणाऱ्याने ‘ओरिजिनल १९४३’ सांगितलं. फोटोत मला दिसतं ते असं : बॉडीवर इनलँड, नळीवर अंडरवुड ११-४३, लाकडावर ओ.आय., साइट सरकणारी, सेफ्टी फिरणारी, पुढच्या पट्ट्याला बायोनेट अडकवायची खीळ. एकाच बंदुकीवर दोन कंपन्या म्हणजे फसवलं का?
— परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : दोन कंपन्या असणं ही फसवणूक नाही. पण ‘ओरिजिनल १९४३’ हेही खरं नाही.

एम वन कार्बाइन १९४१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सैन्याने स्वीकारली आणि युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त बनल्या. एवढा माल बंदुका बनवणाऱ्या एकट्या विंचेस्टरला झेपणारा नव्हता. म्हणून दहा मुख्य ठेकेदार नेमले गेले. त्यातल्या बहुतेक कंपन्या बंदुकीच्या धंद्यातल्या नव्हत्याच. इनलँड हा जनरल मोटर्सचा डेटनमधला विभाग, त्याने एकट्याने २६ लाखांवर बनवल्या. अंडरवुड म्हणजे आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली टाइपरायटरवाली कंपनी. आय.बी.एम. हिशेबाची यंत्रं बनवायची, रॉक-ओला गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सची कंपनी. यांच्यात भागांची देवघेव व्हावी, कुणाचं काम एका भागासाठी अडू नये, म्हणून एक समन्वय समितीच होती. त्यामुळे इनलँडच्या बंदुकीत दुसऱ्याचा भाग कारखान्यातच बसलेला असू शकतो.

लहान भागांवर एक-दोन अक्षरं असतात आणि ती उलट्या बाजूने वाचायची. शेवटचं अक्षर मुख्य ठेकेदाराचं : आय इनलँड, डब्ल्यू विंचेस्टर, यू अंडरवुड, एन नॅशनल पोस्टल मीटर, क्यू क्वालिटी हार्डवेअर, आर रॉक-ओला, बी आय.बी.एम. त्याच्या आधीचं अक्षर प्रत्यक्ष बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचं. लाकडावरचं ओ.आय. म्हणजे ओव्हर्टन कंपनीने इनलँडसाठी बनवलेलं. म्हणजे तुमच्या फोटोतलं लाकूड इनलँडच्या बॉडीला शोभतं. एवढा भाग जुळला.

अडचण पुढच्या तीन भागांत आहे, आणि तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. १९४३ च्या शेवटी कारखान्यातून निघालेल्या कार्बाइनवर इंग्रजी एल आकाराची, दोन भोकांची उलटणारी साइट असे. एक भोक १५० यार्डांना, दुसरं ३०० ला. सेफ्टी दाबायच्या बटणाची असे. पुढचा पट्टा खिळीशिवाय साधा. बटणाच्या सेफ्टीचा घोटाळा असा झाला की मॅगझिन सोडायचं बटण तिच्या शेजारीच. घाईत सैनिक सेफ्टी दाबायला जायचा आणि मॅगझिन खाली पडायचं. म्हणून नंतर फिरणारी सेफ्टी आली. बायोनेटची खीळ असलेला पट्टा १९४४ च्या शेवटाकडचा, कारण या बंदुकीची एम ४ बायोनेटच १९४४ ची. ११-४३ ची नळी आणि हे तीन नवे भाग एकत्र दिसले की अर्थ एकच : ही बंदूक नंतर सरकारी डेपोत उघडून नवीन भागांनी सुधारली. युद्धानंतर बहुतेक कार्बाइनचं हेच झालं. खात्री करायची तर लाकडावर डेपोचा शिक्का शोधायला सांगा. आर.आय.ए. हे रॉक आयलंड, आर.ए. आणि पी हे रॅरिटन, बी.ए. हे बेनिशिया. शिक्का नसला तरी निष्कर्ष बदलत नाही.

नळीवरची तारीख नेमकी काय सांगते, हेही समजून घ्या. फोर साइटच्या मागे नळीवर कंपनीचं नाव, महिना-साल आणि जळत्या बॉम्बची खूण असते. ती नळीची तारीख आहे, बंदुकीची नाही. बॉडी आणि नळी मूळच्या एकत्र असतील तर जुळणी त्यानंतर लवकरच झालेली असते. जुळत नसेल तर नळी नंतर बदलली. बॉडीचा नंबर मागच्या टोकाला, साइटच्या आसपास असतो. सरकणारी साइट रुंद असल्यामुळे कधी कधी नाव तिच्या खाली झाकलं जातं. ते वाचण्यासाठी साइट हातोडीने बाजूला ठोकू देऊ नका. ती खाचेत ठोकून बसवलेली असते, आणि काढल्या-घातल्याने खाचेवर ओरखडे येतात. भोकातून टॉर्च मारून अर्धी अक्षरं वाचता आली तरी कंपनी ओळखता येते.

आता खरा धोका. आज अमेरिकेत बरेच लोक अशा सुधारलेल्या कार्बाइनला एल साइट, बटणाची सेफ्टी आणि साधा पट्टा पुन्हा बसवतात आणि ‘कारखान्यातून आली तशी’ म्हणून दुप्पट किमतीला विकतात. लाकडावर विंचेस्टरचा डब्ल्यू.आर.ए. आणि जी.एच.डी. असा चौकटीतला शिक्काही नव्याने ठोकतात. त्यातलं जी.एच.डी. म्हणजे तपासणी अधिकारी गाय एच. ड्रुरी. खरा शिक्का लाकूड तेल पिण्याआधी ठोकलेला, त्यामुळे त्याच्या कडा वर्षानुवर्षं हाताळून मऊ झालेल्या असतात. धारदार, स्वच्छ शिक्का आजूबाजूच्या झिजलेल्या लाकडात वेगळा उठून दिसतो. पुतण्याला सांगा, आहे तशीच ठेव. डेपोत बदललेले भाग त्या बंदुकीच्याच नोकरीतले आहेत. ते काढून दुसऱ्याच बंदुकीचे ‘बरोबर’ भाग घातले तर मग ती कुठल्याच सालाची राहत नाही.

ती इकडे आणायचा विचार मात्र नको. अर्ध-स्वयंचलित रायफल आपल्या नियमांत प्रतिबंधित वर्गात येते.

प्रश्न : भंगारात एक सरळ, चपटं लोखंडी मॅगझिन आलं आहे. भंगारवाला म्हणतो कार्बाइनचं आहे. संग्रहात ठेवू का?
— पुलगाव, जि. वर्धा

उत्तर : सरळ आणि ३२ राऊंडचं असेल तर बहुधा स्टेनगनचं, म्हणजे युद्धकाळातल्या नमुन्याचं. आपल्या पोलिसांकडची ‘कार्बाइन’ म्हणजे स्टर्लिंग, तिचं मॅगझिन ३४ राऊंडचं आणि वाकडं असतं. दोन्ही ९ मिलिमीटरची, दोन्ही स्वयंचलित हत्यारांची. ठेवू नका. कायद्यात किरकोळ सुट्या भागांना मर्यादित सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहण्याची ही जागा नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि लेखी पोच घ्या. मॅगझिनमध्ये राऊंड अडकलेले दिसले तर हातात घेऊन फिरू नका, ठाण्याला फोन करून बोलवा. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं केंद्र आहे, तुम्हाला हे सांगायला नको.

प्रश्न : बाजारात ‘जंगल कार्बाइनची संगीन’ म्हणून एक बायोनेट मिळते आहे. पातं आठ इंच, टोक वळणाचं. अस्सल आहे का?
— पवनी, जि. भंडारा

उत्तर : पात्यावरून ठरणार नाही. नंबर ५ च्या बायोनेटचं पातं आठ इंचाचंच, पण तसलंच पातं पुढे एस.एल.आर. (सेल्फ लोडिंग रायफल) च्या बायोनेटलाही आलं, आणि आपल्या बाजारात फिरतात त्या जास्त करून एस.एल.आर. च्याच. दोन ठिकाणी बघा. एक, नळीत अडकवायचं कडं. नंबर ५ ला ते फ्लॅश हायडरवरून जावं लागतं म्हणून चांगलं मोठं असतं. एस.एल.आर. चं लहान. दोन, मूठ. नंबर ५ ची मूठ लाकडी पट्ट्यांची. सुरुवातीच्या मालाला एकच स्क्रू, नंतरच्या मालाला दोन. एक स्क्रू असलेली कमी मिळते आणि संग्राहक तिला जास्त मान देतात. एस.एल.आर. ची मूठ लोखंडी.

मोठं कडं आणि लाकडी मूठ असूनही ती नंबर ५ चीच असेल असं नाही, कारण स्टर्लिंग कार्बाइनलाही हीच बायोनेट बसते. म्हणून पात्याच्या मुळाशी आणि मुठीच्या लोखंडावर शिक्के शोधा. विल्किन्सन सोर्डचं डब्ल्यू.एस.सी. किंवा इंग्लंडातला एन-एम-एस पद्धतीचा क्रमांक मिळाला तर पुढे जा. आर.एफ.आय. आणि १९६० च्या पुढचं साल असेल तर ती भारतीय आणि नंतरची. तीही जपून ठेवण्याजोगी आहे, पण त्या किमतीला नाही.

शस्त्र नियमांच्या यादीत बायोनेटचं नाव स्वतंत्रपणे आहे. जिथे धारदार शस्त्रांसाठी अधिसूचना लागू असेल तिथे परवाना लागतो. पैसे देण्याआधी ठाण्यात विचारा.

प्रश्न : आजोबांच्या माळ्यावर गंजलेली जुनी बंदूक सापडली. परवाना सापडत नाही. ‘अँटिक’ म्हणून सूट असते ना? आधी साफ करून, साल बघून मग कळवलं तर चालेल?
— सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : आधी कळवा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली सूट फक्त जुन्या, पुरातन किंवा मोडक्या अशा हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. नुसता गंज चढला म्हणून ती मिळत नाही, आणि ते ठरवणं तुमच्या-आमच्या हातात नाही. दुसऱ्या महायुद्धातली रायफल तेल लावून पुन्हा चालू शकते. ती आत भरलेलीही असू शकते, म्हणून बोल्ट ओढून बघायच्या भानगडीत पडू नका. नळी कुणाकडेही न वळवता, ट्रिगरला हात न लावता, आहे तिथेच राहू द्या. पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला सांगा आणि पंचनामा होऊ द्या. तो होत असताना दिसतील तेवढे शिक्के मोबाइलवर टिपून घेता येतील का, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. फोटोत मापाला पट्टी ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. आजोबांच्या नावाचा जुना परवाना तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोंदीत मिळाला, तर वारसाहक्काने अर्ज करता येतो. तोवर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा राहील. जमा करताना पावतीवर बॉडीचा नंबर अक्षरांसह, एकही अक्षर न गाळता, लिहिलाय का ते स्वतः वाचून घ्या. अर्धाच नंबर लिहिलेली पावती पुढे वारसाच्या अर्जाला अडते.